जोंकेले थांब कोन म्हनते?

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. सासूबाई ताक करायचं म्हणून दही काढायला गेल्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली काचेची बरणी त्यांच्या हाती लागली. त्यांना वाटलं, सुनेनं माहेरून लोणचं आणलं. कशाचं आहे ते बघायला त्यांनी बरणी दारातल्या उजेडात धरली, तर लोणचं पोहत होतं.

त्या अशा ओरडल्या की शेजारपाजारची माणसं धावत आली. सासरे साप निघाला असं समजून काठी घेऊन आले. मी न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा सासूबाईंचा बरणीचा हात अंगणाकडे उगारलेला होता.

"आई, फेकू नका! माझ्या आहेत त्या!"

"तुह्या?" त्यांचा हात खाली आला. "जोंका तुह्या?"

झालं. अमक्याच्या सुनेनं माहेरून जोंका आणल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत तलावाच्या पलीकडच्या वस्तीवर, टोल्यावर, पोचली होती.

खरं तर जळवा मी माहेरून आणल्याच नव्हत्या. माझं माहेर गोंदिया शहरातलं. तिथे आमचं निम्मं बोलणं हिंदीत, त्यामुळे जळवेला आम्हीही जोंकच म्हणायचो, पण ती पाहिली होती फक्त पुस्तकात. खरी जळू मला भेटली दूर दक्षिणेकडच्या एका शहरात, प्रयोगशाळेत. तिथे काही वर्षं माझं काम एकच होतं, जळवेच्या मज्जापेशींचं बोलणं ऐकायचं. जळवेत या पेशी मोजक्या आणि मोठ्या असतात. सूक्ष्मदर्शकातून एकेक ओळखता येते, जशी गर्दीत आपली माणसं ओळखू येतात. पेशीच्या आत विजेची बारीक ठिणगी उडाली की ती यंत्रातून मोठी करून ऐकायची. एक ठिणगी म्हणजे एक टक्. पेशी किती वेळा टक् करते, कधी थांबते, शेजारणीला काय सांगते, हे टिपून ठेवायचं.

ते संपवून मी गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले आणि लग्न करून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात आले. नवरा जनावरांचा डॉक्टर. तो म्हशींच्या नाकातून जळवा काढणारा, मी त्या बरणीत जपून ठेवणारी. आमचं जमायला वेगळं कारण लागलं नाही. बरणीतल्या जळवाही त्यानेच गावच्या बोडीतून, लहान तळ्यातून, आणून दिल्या होत्या. कॉलेजात प्राणी कापणं आता बंद झालंय. मला फक्त मुलांना जळू पोहताना दाखवायची होती आणि मग बोडीत परत सोडायची होती. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न होता.

"पन कायले?"

सासूबाईंविषयी सांगायला हवं. आमच्याकडे धानाचा रोवणा लागला की गावातल्या बायांचा एक जथा बनतो, आणि त्या जथ्याच्या पुढे कित्येक वर्षं सासूबाईच असतात. चिखलात वाकून रोपं लावताना बाया गाणी म्हणतात, त्या गाण्यांचा पहिला आवाज त्यांचा. जळवा चिकटू नयेत म्हणून पायांना तंबाखू-चुना फासून त्या उतरतात आणि दिवसभर बोलत, गात, कोणाची तरी खेचत राहतात. त्यांना गप्प बसलेलं मी फक्त झोपेत पाहिलं आहे. त्यांच्यासाठी जळू म्हणजे ओढून काढायची आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आपटायची गोष्ट. तिचा अभ्यास करायचा, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

दुपारी त्या ताक घुसळत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि मोबाइलवर माझ्या जुन्या कामातला एक आवाज लावला. टक्-टक्-टक्-टक्-टक्. मग शांतता. पुन्हा टक्-टक्-टक्-टक्-टक्. पुन्हा शांतता.

"लाह्या फुटून राहिल्या का?" त्या म्हणाल्या.

"नाही आई. ही जोंकेची पेशी बोलते आहे. तिचं हृदय चालवणाऱ्यांतली एक."

"जोंकेले कारीज असते?"

"असतं. लांब नळीसारखी दोन असतात."

"दोन-दोन कारजं, आन दया एकातही नाही," असं म्हणून त्यांनी रवी पुन्हा फिरवायला घेतली. पण कान मोबाइलकडेच होता. थोड्या वेळानं रवी आपोआप थांबली.

"हे मधात गप्प होते, मंग आपोआप सुरू होते. याले थांब म्हनून कोन सांगते?"

मला तर आनंदानं उडीच मारावीशी वाटली. हाच तर प्रश्न होता! मी त्यांना सांगितलं की या पेशीच्या समोर दुसरी एक पेशी बसलेली असते. ही बोलते तेव्हा दुसरीला गप्प बसवते. दुसरी बोलते तेव्हा हिला गप्प बसवते. अशा दोघी आलटून पालटून बोलतात, म्हणून हृदयाला ठेका मिळतो. मधे तिसरं कोणी हुकूम देणारं नसतं.

त्यांनी विचार केला. "मंग जे पयले बोलली तेच बोलत राहील. दुसरीचा नंबर कधी लागल?"

"पहिली बोलून बोलून दमते, आई."

"मी त दमत नाही."

पडवीतून सासऱ्यांचा आवाज आला, "हे मात्र खरं होय."

मी कागदावर दोन गोल काढले, बाण काढले. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि त्यावर लोण्याचा गोळा ठेवला.

वर्गातही याच आकृतीशी माझी झटापट चालली होती. मुलं बाण वहीत नीट काढायची, परीक्षेत नीट लिहायची, पण दोन गोल एकमेकांना गप्प करून ठेका कसा तयार करतात हे कोणाच्या डोळ्यांत उजळलेलं दिसायचं नाही. जळवा पोहताना पाहून मुलं खूश झाली, एवढंच.

मग रोवणा लागला. रविवारी चहाची किटली घेऊन मी आमच्या बांधीवर, धानाच्या शेतावर, गेले. नवी सून बघायला मिळणार म्हणून बाया वाटच बघत होत्या. "उतर वं बाई चिखलात," असा आग्रह झाला आणि मी साडी खोचून उतरले. रोपं कशी धरायची, अंगठ्यानं कशी दाबायची, सासूबाई दाखवत होत्या. माझी ओळ वाकडी जात होती. थोड्याच वेळात माझ्या पोटरीला थंड काहीतरी लागलं. पाहते तर जळू.

"मास्तरीनबाईची जोंक मास्तरीनबाईले वळखून आली!" कोणीतरी म्हणालं आणि सगळी बांधी हसायला लागली. मीही हसले. इतकी वर्षं जळवांना हाताळलं होतं, पण चावून घ्यायचा तो पहिलाच प्रसंग. सासूबाईंनी चिमूटभर तंबाखू लावून ती सोडवली. या खेपेला आपटली मात्र नाही. माझ्याकडे बघून पाटाच्या पाण्यात सोडून दिली.

आणि मग गाणं सुरू झालं. बायांच्या दोन ओळी होत्या. एका ओळीची म्होरकी सासूबाई. दुसऱ्या ओळीची त्यांच्याच वयाची एक घोगऱ्या आवाजाची बाई, जिचं माहेर छत्तीसगडकडचं. बोलता बोलता ती तिकडची बोली मिसळायची.

सासूबाईंच्या ओळीनं विचारलं,

"तलावाच्या पारीवर कोन उभी वं बाई?"

दुसऱ्या ओळीनं उत्तर दिलं,

"पान्यात पाहून राहिली, घागर भरत नाही."

एक ओळ गात असताना दुसरी गप्प. पहिलीचा श्वास संपत आला की दुसरी उचलायची. ती सुरू झाली की पहिली गप्प. कोणी हात हलवत नव्हतं, कोणी मोजत नव्हतं. मी हातातली रोपांची जुडी तशीच धरून उभी राहिले.

"आई!" मी ओरडले. "ह्याच त्या! ह्याच दोघी!"

बायांना वाटलं मला पुन्हा जळू लागली. दोघी-तिघी धावत आल्या. मग धुऱ्यावर चहा पिताना मी सगळ्यांना सांगितलं की तुमच्या दोन ओळी जे करतात तेच जळवेच्या आत दोन पेशी करतात. त्यांना आधी ती मस्करी वाटली. पण घोगऱ्या आवाजाच्या बाईनं मान वाकडी करून विचारलं, "अन् दोनों एक संग गायले तर?"

"करून बघा," मी म्हणाले.

चहा संपल्यावर दोन्ही ओळी एकदम गायला लागल्या. दोन कडव्यांत असा गोंधळ झाला की बाया हसून हसून चिखलात बसल्या. मग त्यांनी उलटं करून पाहिलं. एका ओळीनं थांबायचंच नाही. सासूबाईंची ओळ न थांबता गात सुटली आणि दुसरीला तोंडच उघडता येईना. तासाभरात त्या बायांनी माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाइतके प्रयोग केले होते, आणि रोवणीही थांबली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की या जथ्याला कॉलेजात न्यायचं. प्राचार्यांना विचारलं. ते आधी म्हणाले, "लोकगीतांचा कार्यक्रम मराठी विभागाचा असतो." मी म्हटलं, हा मज्जासंस्थेचा कार्यक्रम आहे. मग ते म्हणाले, "बरं. पण स्वागताला मी येईन."

रोवणा आटोपल्यावर आमच्या अंगणात तालीम सुरू झाली. पहिले दोन-तीन दिवस झकास गेले. मग घोगऱ्या आवाजाची बाई माहेरी गेली, भावाच्या घरी बाळ झालं होतं. तिच्याशिवाय तिची ओळ अगदी मऊ पडली. सासूबाईंची ओळ थांबायची आणि समोरून जेमतेम कुजबुज यायची. मला काळजी वाटली, पण गाणं मी बायांवरच सोडलं. रोजच्या रोज त्या ओळीतल्या बाया थोड्या पुढे सरकून बसायला लागल्या. एकीनं गळा मोकळा सोडला, तिचं ऐकून दुसरीनं. आठवडाभरात ओळीचा आवाज पूर्वीसारखा झाला. मग ती बाई परत आली, आणि पहिल्याच कडव्याला त्या ओळीचा असा दणका झाला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. पुन्हा हळूहळू सगळ्याजणी आपापला आवाज उतरवत गेल्या.

मला प्रयोगशाळेतली एक सकाळ आठवली. आदल्या दिवशी मी एका पेशीला औषध देऊन गप्प केलं होतं आणि तसंच ठेवून गेले होते. सकाळी येऊन यंत्र लावलं तर औषध तिथेच होतं, तरी पेशी हळूहळू बोलायला लागली होती. टक्... टक्... टक्-टक्. पेशीच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात, त्यांतून विजेचे कण आत-बाहेर करतात. गप्प पडलेली पेशी आपल्याला जास्त बोलतं करणारी दारं वाढवत नेते. फार बोलायला लागली तर ती कमी करते. आपला नेहमीचा ठेका तिला जणू ठाऊक असतो आणि ती तिथे परत येऊ बघते. त्या सकाळी खोलीत मी एकटीच होते आणि मोठ्यानं हसले होते. आता अंगणात हे सांगितलं तेव्हा बायाही हसल्या. एक म्हणाली, "म्हनजे माह्या नवऱ्यासारखी नाही. तो एकदा गप्प झाला का महिनाभर गप्पच."

कार्यक्रमाच्या दिवशी जथा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गोरेगावला आला. ठेवणीतल्या साड्या, केसांत फुलं. सासरे पुढे ड्रायव्हरशेजारी नवं धोतर नेसून बसलेले. नवऱ्यानं दवाखान्यातून येताना पाण्याचा मोठा पारदर्शक टब आणला होता, त्यात जळवा.

हॉल भरलेला होता. मी मुलांना नियम सांगितला, समोरची ओळ गात असेल तर आपली ओळ गप्प. दोन्ही ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या. सासूबाईंनी सुरुवात केली, समोरून उत्तर आलं, पुन्हा इकडून. मुलं टाळ्यांनी ठेका धरायला लागली. मी फळ्यावरच्या दोन गोलांवर आलटून पालटून बोट ठेवत होते, आणि मला मागच्या बाकांवर काही डोळे उजळताना दिसले.

तेवढ्यात माईक कर्कश शिटी वाजवून बंद पडला. दोन्ही ओळी दचकल्या आणि दोन्ही एकदम सुरू झाल्या. मग नियम आठवून दोन्ही एकदम गप्प झाल्या.

हॉलमध्ये शांतता पसरली. सासूबाई समोर बघत होत्या, घोगऱ्या आवाजाची बाई इकडे बघत होती. कोणीच सुरू करेना. नियमात हे कुठेच नव्हतं. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. मी काही बोलावं म्हणून पाऊल टाकलं आणि सासूबाईंच्या तोंडाकडे बघून थांबले. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, चेहरा लाल. इतका वेळ जागेपणी त्या कधीच गप्प राहिल्या नसतील. समोरच्या बाईचीही तीच गत. सगळा हॉल बघत होता की आधी कोण फुटतं.

सासूबाई फुटल्या. "तलावाच्या पारीवर" असा आवाज आला की माईकची गरजच उरली नाही. हॉल शिट्ट्यांनी दणाणला. समोरून उत्तर आलं आणि ठेका पुन्हा सुरू झाला, आता आधीपेक्षाही जोरात.

गाणं संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, दोघी गप्प असताना यांना सुरू करा म्हणून कोणी सांगितलं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या अजून धापा टाकत होत्या.

"कोनी नाही सांगितलं वं बापा," त्या म्हणाल्या. "गप्प बसवलं म्हनूनच त बोलाव वाटते!"

हॉलमधल्या सगळ्या बाया आणि बऱ्याच मुली एकदम हसल्या. मी हसू आवरून मुलांना सांगितलं, अगदी असंच होतं. पेशीला जितकं दाबून गप्प करावं तितकी तिच्यातली काही खास दारं हळूहळू उघडत जातात आणि तिला आतून वर ढकलतात. बोलणारी दमते हा अर्धाच भाग. गप्प बसलेलीला सुरसुरी येत जाते हा उरलेला अर्धा. दोन्ही मिळून ठेका होतो. त्या दिवशी कोणी वहीत बाण काढले नाहीत, तरी पुढच्या तासाला एकाही मुलाला ती आकृती पुन्हा समजवावी लागली नाही.

मग मुलांची पाळी होती. ती एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून लांब रांगेत उभी राहिली. पहिल्यानं खाली वाकायचं, त्याच्या मागच्यानं किंचित उशिरा, त्याच्या मागच्यानं आणखी किंचित उशिरा. रांगेतून लाट निघाली, दोनदा तुटली, तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेली. जळू अशीच पोहते, अंगातल्या पेशींच्या गाठी एकीमागे एक बोलतात. मी टबातल्या जळवेला काडीनं हलकेच स्पर्श केला. ती सुटली आणि रेशमाच्या फितीसारखी लहरत टबाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली.

सासूबाई टबावर वाकल्या.

"नाचून राहिली," त्या हळूच म्हणाल्या. मग बाकीच्या बायांना हाका मारल्या. "या वं, पाहा वं! आपन हिले कधी असं पायलंच नाही."

परत जाताना ट्रॉली बाजारात थांबली. प्राचार्यांनी सगळ्यांना गरम आलुबोंडे खाऊ घातले आणि घोगऱ्या आवाजाच्या बाईकडून त्या गाण्याचं एक कडवं शिकून घेतलं. बायांनी बांगड्या घेतल्या. जळवा आम्ही गावात शिरण्याआधी बोडीत सोडल्या. सासऱ्यांनी टब ओतला तेव्हा काठावर, पारीवर, सगळा जथा ओळीनं उभा होता.

त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यानंतर आजूबाजूच्या शाळांतून बोलावणी यायला लागली. सुरुवातीला मी बरोबर जायचे. परवा दवनीवाड्याकडच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला, "मॅडम, तुम्हाला सुटी नसेल तर राहू द्या, आईंना पाठवा." मी पाठवलं. जथा सकाळी गेला आणि दिवे लागायच्या आत परत आला. सासूबाई हातपाय धुऊन जेवायला बसल्या, तोंडानं शाळेचं वर्णन सुरूच होतं.

"एका पोरीनं मले इचारलं, मानसाच्या डोक्यात अशा किती बाया असतात? मी म्हनलं, लय. बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर. अब्जावधी असतात, आई."

"म्हनजे? आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या बायाइपेक्षा जास्त?"

"कितीतरी जास्त. आख्ख्या देशातल्या माणसांपेक्षाही."

त्यांचा घास हातातच राहिला.

"आन एवढ्या बायाइले च्या कोन पाजते?"

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. सासऱ्यांनी पाण्याचा गिलास पुढे सरकवला. मग मी त्यांना रक्ताचं, श्वासाचं, साखरेचं सांगायला बसले. त्या मधे मधे प्रश्न विचारत होत्या, आणि दोघींच्या ताटातला भात निवत होता.